‘जन्मस्थळ : आयर्लंड’ एवढ्यावरच शोध अडला असेल तर

अमेरिकेत आलेल्या आयरिश पूर्वजाचं मूळ गाव शोधताय? आधी लक्षणं तपासा.

– अमेरिकेतल्या प्रत्येक कागदावर, मग तो जनगणनेचा असो, मृत्यूचा दाखला असो की नागरिकत्वाचा, जन्मस्थळाच्या रकान्यात फक्त ‘आयर्लंड’ लिहिलंय.
– घरात एका गावाचं नाव पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं, पण नकाशावर ते सापडत नाही, किंवा एकदम वीस ठिकाणी सापडतं.
– ‘आमचे लोक कॉर्कहून आले’ असं सगळे म्हणतात आणि आयर्लंडमधल्या कॉर्क काउंटीच्या नोंदींत त्यांचा मागमूस नाही.
– जहाजाच्या यादीत त्याच नावाची आणि जवळपास त्याच वयाची पाच-सहा माणसं आहेत.
– जनगणनेत दर दहा वर्षांनी माणूस कधी सहा वर्षांनी मोठा झालेला दिसतो, कधी तेरा वर्षांनी.
– इंटरनेटवर कुणी तरी टाकलेली वंशावळ थेट सोळाव्या शतकापर्यंत जाते आणि तिच्यात एकाही कागदाचा आधार नाही.

यातली दोन-तीन लक्षणं जरी असली तरी दुखणं बहुधा एकच आहे: गावाचं नाव हातात नाही आणि आयर्लंडमध्ये शोध सुरू झालाय.

मी महाराष्ट्रात भूमी अभिलेख खात्यात नोकरी केली. निवृत्तीनंतर लेकीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये लोवेलला आले. माझ्या विहीणबाई आयरिश वंशाच्या. पणजोबांचं गाव त्या तीस वर्षं शोधत होत्या. जुनं अक्षर लावायची मला सवय, म्हणून त्यांच्यासोबत बसले, आणि तेव्हापासून दर शनिवारी इथल्या ग्रंथालयात हेच काम करते. चाळीसएक कुटुंबांचे कागद नजरेखालून गेले असतील. त्यातले बहुतेक सगळे एकाच जागी अडले होते.

त्र्यंबकेश्वरला गेलं की तीर्थोपाध्याय पहिल्यांदा काय विचारतात? मूळ गाव कुठलं. मग आडनाव. गाव सांगितल्याशिवाय वही निघत नाही, कारण वह्या गावावर लावलेल्या असतात. आयर्लंडच्या नोंदींचंही तसंच आहे. काउंटी म्हणजे जिल्हे बत्तीस, त्यांच्या पोटात पॅरिश, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतला मुलूख, आणि पॅरिशच्या पोटात टाउनलँड. टाउनलँड म्हणजे आपल्याकडची वाडी किंवा पाडा म्हणा. अशा साठ हजारांवर टाउनलँड आहेत. मर्फी हे तिथलं सगळ्यात जास्त आढळणारं आडनाव. ‘पॅट्रिक मर्फी, आयर्लंड’ एवढ्यावर शोधायला निघालात तर आयुष्य पुरायचं नाही.

आणि ते गाव तुम्हाला आयर्लंडमध्ये क्वचितच मिळेल. ते अमेरिकेतच मिळतं, तेही बहुतेक वेळा पूर्वजाच्या बहिणीच्या, मेहुण्याच्या किंवा शेजाऱ्याच्या कागदावर. पुढच्या सगळ्या तपासण्या यासाठीच आहेत. फुकट आणि सोप्या आधी, खर्चाच्या नंतर. क्रम मोडू नका. क्रम मोडल्यामुळे वर्षं वाया गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

‘सगळं जळालं’ म्हणून सोडून देण्याआधी

हे वाक्य मला दर महिन्याला ऐकू येतं. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धात, डब्लिनच्या फोर कोर्ट्‌स इमारतीतला सरकारी दप्तरखाना उद्ध्वस्त झाला, हे खरं आहे. १८२१ ते १८५१ च्या जनगणनांचा बहुतेक भाग त्यात गेला. १८६१ आणि १८७१ ची जनगणना तर सरकारनेच आधी नष्ट केली होती, आणि १८८१ व १८९१ चे कागद पहिल्या महायुद्धात लगद्यासाठी गेले. एकोणिसाव्या शतकातली जनगणना जवळजवळ संपली, ती अशी.

पण जळालं ते एका इमारतीतलं. कॅथलिक चर्चची रजिस्टरं त्या इमारतीत नव्हतीच, ती आपापल्या चर्चमध्ये होती. जन्म-मृत्यू-विवाहाची सरकारी नोंदणी (कॅथलिकेतर विवाह १८४५ पासून, बाकी सगळं १८६४ पासून) वेगळ्या ठिकाणी होती, ती वाचली. ग्रिफिथची जमीन मोजणी (एकोणिसाव्या शतकातली जमीन-घरांच्या आकारणीची सरकारी यादी) छापलेली होती, तीही वाचली. १९०१ आणि १९११ ची जनगणना पूर्ण आहे. यातलं बहुतेक सगळं आज घरबसल्या, फुकट पाहता येतं. अमेरिकेतली १८९० ची जनगणनाही १९२१ मध्ये वॉशिंग्टनला लागलेल्या आगीनंतर गेली, पण म्हणून कुणी अमेरिकेत शोधायचं थांबवत नाही.

पहिली तपासणी: घरातलं कपाट

खर्च शून्य, तरी लोक ही सगळ्यात शेवटी करतात. जुनी प्रार्थनेची पुस्तकं, अंत्यसंस्काराच्या वेळी वाटलेली छोटी कार्डं, फोटोंच्या मागचं लिखाण, वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेची कात्रणं, आयर्लंडहून आलेलं एखादं पत्र. घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाकडे जाऊन बसा आणि ‘गाव कुठलं’ हा प्रश्न थेट विचारू नका. पत्रं कुणाची यायची, नाताळला पैसे कुणाला पाठवायचे, कुणाच्या घरी उतरायचे, असं विचारा. गाव त्यातून निघतं.

जे नाव मिळेल ते ऐकू आलं तसं लिहून ठेवा, दुरुस्त करू नका. ते आयरिश भाषेतून इंग्रजीत आणि तिथून अमेरिकन उच्चारात आलेलं असतं. ‘बॅली’ने किंवा ‘किल’ने सुरू होत असेल तर नुसत्या त्या भागावर विसंबू नका. बॅली हे ‘बाले’चं, म्हणजे वस्तीचं रूप, आणि किल हे बहुतेक ठिकाणी ‘किल्ल’चं, म्हणजे चर्चचं. अशी नावं तिथे आपल्याकडच्या ‘वाडी’ आणि ‘खुर्द’इतकी आहेत. आयर्लंड सरकारचा गावांच्या नावांचा मोफत कोश आहे, त्यात वेगवेगळी स्पेलिंगं घालून पाहा.

दोन गोष्टी इथेच ओळखा. ‘क्वीन्सटाउन’ हे गाव नाही, बंदर आहे. कॉर्कजवळच्या कोव्हचं ते १८४९ ते १९२० मधलं नाव. अर्ध्या आयर्लंडची माणसं तिथून बोटीत चढली. ‘कॉर्कहून आले’ याचा अर्थ कित्येकदा एवढाच असतो की बोट तिथून सुटली. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल बंदराचंही तेच. याउलट ‘क्वीन्स काउंटी’ आणि ‘किंग्ज काउंटी’ या खऱ्या काउंटी आहेत, आज त्यांना लीश आणि ऑफली म्हणतात. एका घरात क्वीन्स काउंटी म्हणजे न्यूयॉर्कचं क्वीन्स समजून वीस वर्षं चुकीच्या शहरात शोध चालला होता.

दुसरी तपासणी: सगळ्या गोतावळ्याचे कागद

इथे घाई करू नका. दहापैकी सात-आठ गाठी मला इथेच सुटलेल्या दिसल्या आहेत.

पूर्वजाचे स्वतःचे अमेरिकन कागद बहुतेकांनी पाहिलेले असतात. तरी ते नीट वाचलेत का, ते पाहा. १८५० च्या जनगणनेपासून घरातल्या प्रत्येकाचं नाव येतं, १८८० पासून नातं येतं, आणि १९०० च्या जनगणनेत जन्माचा महिना, लग्नाला किती वर्षं झाली, मुलं किती झाली नि किती हयात, देशात कोणत्या वर्षी आले, हे सगळं आहे. मृत्यूच्या दाखल्यापेक्षा विवाहनोंदीवर जास्त विश्वास ठेवा. लग्नाच्या वेळी माणूस स्वतः माहिती देतो. मृत्यूच्या वेळी ती जावई किंवा सून देते, आणि सासऱ्याच्या आईचं नाव त्यांना ठाऊक असेलच असं नाही.

नागरिकत्वाच्या कागदांवर फार आशा लावू नका. सप्टेंबर १९०६ च्या आधी कोणतंही न्यायालय हे काम करायचं आणि ‘ग्रेट ब्रिटन आणि आयर्लंडच्या राणीचा प्रजाजन’ असं लिहून मोकळं व्हायचं. बाईचे तर बहुधा कागदच नसतात. १८५५ ते १९२२ या काळात विवाहित स्त्रीला नवऱ्यामुळे आपोआप नागरिकत्व मिळायचं.

आता गोतावळा. एक कोरा कागद घ्या आणि त्या माणसाच्या आयुष्यात कुठेही सही किंवा नाव आलेली सगळी माणसं लिहा: लग्नाचे साक्षीदार, मुलांच्या बाप्तिस्म्याचे धर्मपिता-धर्ममाता, घरात राहिलेले भाडेकरू, जनगणनेच्या पानावरची शेजारची पाच-पाच घरं, दफनभूमीत त्याच प्लॉटमध्ये पुरलेली वेगळ्या आडनावाची माणसं. ज्याचं नाव दोनदा येईल त्याच्याखाली रेघ मारा.

असं का, तर ही माणसं एकटी आली नाहीत. एक भाऊ आला, त्याने तिकिटाचे पैसे पाठवून बहिणीला आणलं, तिने मावसभावाला. एका पॅरिशमधली माणसं अमेरिकेतल्या एका गल्लीत राहायची. १८५०-५१ मध्ये केरी काउंटीतल्या लॅन्सडाउन इस्टेटीने आपल्या गरीब कुळांना भाडं भरून न्यूयॉर्कला धाडलं, तर ती जमात फाइव्ह पॉइंट्‌स या वस्तीत एकमेकांच्या शेजारी जाऊन राहिली. मूळ गाव सांगणारा कागद तुमच्या माणसाने मागे ठेवला नसेल, पण शेजाऱ्याने ठेवलेला असू शकतो.

विहीणबाईंचं असंच झालं. पणजोबांचं आडनाव सलिव्हन. केरी आणि कॉर्कमध्ये दगड भिरकावला तर सलिव्हनच्या अंगणात पडेल, इतकं ते तिथे आहे. त्यांच्या सगळ्या कागदांवर आयर्लंड, आयर्लंड, आयर्लंड. आम्ही मुलांचे बाप्तिस्मे उतरवले. सात मुलं. पहिल्या आणि तिसऱ्या मुलाची धर्ममाता होनोरा सलिव्हन. चौथ्यापासून ती दिसत नाही, पण सहाव्याला एक होनोरा आहे, आडनाव वेगळं. मी म्हटलं, हिचं मधल्या काळात लग्न झालं असणार. मॅसॅच्युसेट्समध्ये १८४१ पासून राज्यभर विवाहनोंदणी आहे आणि नोंदीत दोन्ही पक्षांच्या आई-वडिलांची नावं असतात. होनोराची नोंद सापडली, आणि तिच्या आई-वडिलांची नावं पणजोबांच्या विवाहनोंदीतल्याशी जुळली. ती सख्खी बहीण होती. घरात हिचं नाव कुणी कधी ऐकलेलं नव्हतं.

मग तिच्या नवऱ्याच्या आडनावाने दफनभूमीच्या कार्यालयातून प्लॉटचा नंबर काढला. ऑक्टोबर महिना होता. दगड पांढऱ्या संगमरवराचा, पावसाने खाल्लेला, समोरून पाहिला तर पाटी कोरी. विहीणबाईंनी घरून हातभर आरसा आणला होता. मी दगडावर सावली धरली, त्यांनी आरशाने बाजूने, अगदी तिरका उजेड टाकला, आणि खालची ओळ उठून आली: ‘मूळची केनमेर पॅरिश, काउंटी केरी’. त्या खाली गवतात बसल्या. बराच वेळ आम्ही दोघी काही बोललो नाही.

(असे दगड घासू नका. तारेचा ब्रश, ब्लीच, दाढीचा फेस, काहीही लावू नका. पाणी आणि तिरका उजेड पुरतो. एकदा पापुद्रा गेला की अक्षर कायमचं गेलं.)

तिसरी तपासणी: नाव तुम्ही समजता तेच आहे का

एलिस आयलंडवर, म्हणजे न्यूयॉर्क बंदरातल्या स्थलांतरितांच्या तपासणी नाक्यावर, कारकुनाने आडनाव बदललं, ही गोष्ट प्रत्येक घरात सांगतात. तिथले कारकून जहाजावरून आलेल्या यादीशी ताडून पाहायचे, नावं नव्याने लिहीत नव्हते. नाव बदललं ते बहुतेक आधी तरी किंवा नंतर तरी. ‘ओ’ आणि ‘मॅक’ गळतात आणि पुढच्या पिढीत परत लागतात. काही ठिकाणी आडनावाचं चक्क भाषांतर झालंय: आयरिशमध्ये ‘गव्हा’ म्हणजे लोहार, म्हणून कॅव्हनकडचे कित्येक मॅकगोवन इंग्रजीत स्मिथ झाले.

पहिल्या नावांचं तर विचारू नका. ब्रिजेट अमेरिकेत डीलिया होते. होनोरा ही नोरा, हॅना, क्वचित अ‍ॅना. केरी-कॉर्ककडचा जेरेमाया म्हणजे घरचा डार्बी, आणि मूळ आयरिश नाव डिअरमिड. चर्चच्या रजिस्टरात लॅटिन असेल तर जेम्सचा याकोबुस आणि विल्यमचा गुलिएल्मुस झालेला असतो. कागदावर सगळी रूपं एकाखाली एक लिहा आणि प्रत्येकाने शोधा. मुलांच्या नावांचा क्रमही पाहा. रिवाजाने थोरल्या मुलाला आजोबांचं, म्हणजे वडिलांच्या वडिलांचं नाव आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं. थोरल्या मुलीला आजीचं, म्हणजे आईच्या आईचं. हा पुरावा नाही, पण आई-वडिलांची नावं माहीत नसतील तर अंदाज इथूनच बांधता येतो.

एक सोय मात्र आहे. आयर्लंडच्या कॅथलिक बाप्तिस्मा नोंदीत आईचं माहेरचं आडनाव सहसा दिलेलं असतं. ते एकदा मिळालं की ते घट्ट धरून ठेवा. सलिव्हन हजारो, पण अमुक माहेरवाशीण असलेल्या सलिव्हनीण थोड्याच.

चौथी तपासणी: वय

वयावरून कुणालाही बाद करू नका. पाच वर्षं इकडे-तिकडे सोडाच, दहाही धरा. आपलं जन्मवर्ष बहुतेकांना माहीतच नसायचं. आयर्लंडमध्ये जानेवारी १९०९ पासून सत्तरीच्या पुढच्यांना पेन्शन सुरू झालं, आणि १९०१ व १९११ ची जनगणना शेजारी ठेवली तर दहा वर्षांत पंधरा-सोळा वर्षांनी म्हातारी झालेली माणसं दिसतात. वय सिद्ध करायला जन्मदाखला नव्हता, म्हणून अर्जदारांसाठी १८४१ आणि १८५१ ची जनगणना, जळण्यापूर्वी, तपासून द्यायचे. त्या शोधाचे अर्ज शिल्लक आहेत आणि राष्ट्रीय अभिलेखागाराने ते फुकट ठेवलेत. त्यात अर्जदाराचे आई-वडील आणि १८५१ मधलं टाउनलँड असतं. आयर्लंडमध्येच राहिलेल्या भावंडाचा असा एक अर्ज तुमची दोन वर्षं वाचवू शकतो.

पाचवी तपासणी: हरवलेल्यांच्या जाहिराती आणि बँकेची वही

बोस्टनच्या ‘पायलट’ या कॅथलिक वर्तमानपत्रात १८३१ ते १९२१ या काळात ताटातूट झालेल्या नातेवाइकांना शोधणाऱ्या जाहिराती यायच्या. हरवलेला माणूस ओळखू यावा म्हणून त्यात काउंटी, पॅरिश, पुष्कळदा टाउनलँड, बोटीचं नाव आणि शेवटचं माहीत असलेलं ठिकाण द्यायचे. आयर्लंडमधल्या मोठ्या दुष्काळाच्या (१८४५ ते १८५२) वर्षांतल्या जाहिराती वाचताना गळा दाटतो: आई मुलाला शोधते आहे, बायको रेल्वेच्या कामावर गेलेल्या नवऱ्याला. बोस्टन कॉलेजने त्यांची सूची खुली केली आहे. आपल्या माणसाचं नाव नसेल तर गोतावळ्याच्या यादीतली नावं घाला.

न्यूयॉर्कमध्ये राहिले असतील तर १८५० मध्ये स्थापन झालेल्या एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेची दप्तरं पाहा. आज बँक आपल्याला आईचं माहेरचं आडनाव विचारते ना, खातेदार तोच आहे याची खात्री करायला? त्यांनीही तेच केलं. गाव, आई-वडील हयात की नाहीत, भावंडं कोण आणि कुठे, बोट कोणती, हे प्रत्येक खात्यासमोर लिहून ठेवलं. ती दप्तरं न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीत आहेत.

जहाजाच्या यादीने मात्र सुरुवात करू नका. १८२० पासूनच्या अमेरिकन याद्यांत नाव, वय, धंदा, देश एवढंच असतं. गावाचा रकाना १८९० च्या दशकात आला. ब्रिटन-आयर्लंडच्या बंदरांतून निघतानाच्या याद्या तर १८९० पासूनच शिल्लक आहेत. कित्येक जण स्वस्त भाड्यामुळे कॅनडात क्वेबेकला उतरले आणि दक्षिणेला आले. त्या सरहद्दीवर १८९५ पर्यंत नोंदच होत नव्हती. बोट सापडणं छान वाटतं, पण त्याने गाव मिळत नाही.

सहावी तपासणी: आता आयर्लंड

पॅरिश हाती आलं की काम झपाझप होतं. राष्ट्रीय ग्रंथालयाने कॅथलिक रजिस्टरांच्या प्रतिमा, बहुतेक १८८० पर्यंतच्या, २०१५ पासून मोफत दिल्या आहेत. अक्षर वाईट असतं, शाई फिकट. पान मोठं करा, उजेड कमी-जास्त करा, आणि एकाच कारकुनाची पाच पानं आधी नुसती वाचा, म्हणजे त्याचं ‘एस’ आणि ‘एल’ कळू लागतं. एकट्या पूर्वजाची नोंद शोधू नका, त्या जोडप्याची सगळी मुलं उतरवा.

ग्रिफिथची मोजणी (१८४७ ते १८६४, काउंटीगणिक वेगवेगळ्या वर्षी) म्हणजे मला तर जुन्या ओळखीचं दप्तर वाटलं. नकाशाचा अनुक्रमांक, कुळाचं नाव, जमीनमालकाचं नाव, वर्णन, क्षेत्र, आकार. वर्णनात ‘हाउस, ऑफिसेस अँड लँड’ असं येईल. ‘ऑफिसेस’ म्हणजे कचेरी नव्हे. गोठा, तबेला, डुकरांचं खोपटं. एका टाउनलँडमध्ये एकाच नावाचे तिघे असले की कारकून कंसात बापाचं नाव घालतो. आपल्याकडे मधलं नाव लावतात, तसंच. हे कंस वाचायचे चुकवू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की इथे फक्त खातेदार असतो. दुसऱ्याच्या झोपडीत राहणारा मजूर नसतो. कुटुंब १८४७ मध्येच सगळं निघून गेलं असेल, तर तेही इथे नसणार.

मग पुढे या: १८६४ नंतरची मागे राहिलेल्या भावंडांची लग्नं, मृत्यू, आणि १९०१ ची जनगणना. त्याच टाउनलँडमध्ये त्याच आडनावाचं घर अजून असलं, तर तिथे चुलत पुतण्या बसलेला असतो.

सातवी तपासणी: हा तोच का?

नाव जुळलं की आनंदाने सगळे थांबतात. थांबू नका. १ जानेवारी १८९२ ला एलिस आयलंडवर पहिलं पाऊल ठेवणारी काउंटी कॉर्कची अ‍ॅनी मूर आठवा. ती पुढे टेक्ससला गेली असं कित्येक वर्षं मानलं जात होतं. २००६ मध्ये मेगन स्मोलेन्याक या संशोधिकेने कागद तपासून दाखवलं, की टेक्ससची अ‍ॅनी मूर जन्मलीच मुळी इलिनॉयमध्ये. खरी अ‍ॅनी न्यूयॉर्कमध्येच संसार करून १९२४ मध्ये वारली, आणि क्वीन्समधल्या कॅल्व्हरी दफनभूमीत तिच्या कबरीवर नावही नव्हतं. इतक्या प्रसिद्ध मुलीच्या बाबतीत असं होतं, तर आपल्या पणजोबांचं काय!

म्हणून उलटी तपासणी करा. केनमेरच्या रजिस्टरात आम्हाला दहा वर्षांच्या पट्ट्यात त्या नावाची चार बाळं मिळाली. दोघांच्या आईचं माहेर वेगळं निघालं. तिसऱ्याचं लग्न १८६६ मध्ये केनमेरलाच झालं आणि १९०१ मध्ये तो तिथेच नातवंडांसह होता, म्हणजे तो लोवेलला असू शकत नाही. उरला एक. त्याच्या आई-वडिलांची नावं जुळत होती, आणि दोन वर्षांनी त्याच जोडप्याला होनोरा झाली होती. बाकीच्यांना पुराव्याने बाद केल्याशिवाय उरलेल्यावर शिक्का मारू नका.

आठवी: खर्चाची आणि किचकट

इतकं करूनही टाउनलँड किंवा नातं पक्कं होत नसेल तरच पुढे जा. ग्रिफिथनंतर कुळ बदललं की व्हॅल्युएशन ऑफिसच्या, म्हणजे आकारणी खात्याच्या, वहीत जुनं नाव रंगीत शाईने खोडून नवं लिहायचे आणि बाजूला वर्ष टाकायचे. एकेका वर्षाचा रंग वेगळा. आपल्या फेरफार नोंदीचंच काम. बाप कधी गेला आणि जमीन कुणाकडे आली, हे त्यातून कळतं. उत्तरेच्या सहा काउंटींच्या वह्या बेलफास्टच्या सरकारी अभिलेखागाराने खुल्या केल्या आहेत. इस्टेटींची दप्तरं, खंडाच्या याद्या विखुरलेल्या असतात, त्यासाठी मालकाचं नाव आधी ग्रिफिथमधून घ्या.

डीएनए चाचणी याच पायरीवर येते, आधी नाही. कागदांची वंशावळ तयार नसेल तर समोर नुसती चार हजार अनोळखी नावं येतात. चाचणी घरातल्या सगळ्यात जुन्या पिढीच्या माणसाची करा, कारण दर पिढीला तो वारसा अर्धा होतो. तिसऱ्या पायरीच्या (खापरपणजोबा एकच असलेल्या) चुलत भावंडांशी जुळणी बहुधा दिसते, चौथ्या पायरीच्या निम्म्यांशीच. आणि नमुना देणाऱ्याला आधी विचारा, की न अपेक्षिलेलं काही निघालं तर ते ऐकायचं आहे का. हो म्हणाला तरच नमुन्याची नळी पाठवा.

इथे थांबा, आणि जाणकाराला बोलवा

केवळ आयरिश पासपोर्टसाठी शोधत असाल तर आधी नियम पाहा. आजी-आजोबांपैकी कुणी आयर्लंड बेटावर जन्मलं असेल तर तुम्ही आयर्लंडच्या परदेशी जन्मांच्या नोंदवहीत नाव घालून नागरिकत्व घेऊ शकता. पणजोबांवर नागरिकत्व मिळत नाही, अपवाद फक्त तुमच्या जन्माआधीच तुमच्या आईने किंवा वडिलांनी तिथे नोंद केली असेल तर. दुष्काळात आलेल्या खापरपणजोबांच्या आधारावर नागरिकत्व मिळवून देतो असं सांगून कुणी पैसे मागितले तर एक डॉलरही देऊ नका.

पॅरिशचं रजिस्टर जिथे सुरू होतं तिथे थांबा. केनमेरचं १८१९ पासून आहे, पण पश्चिमेकडे कित्येक ठिकाणी ते १८४० च्या पुढे सुरू होतं. त्याआधीच्या गरीब कॅथलिक कुळाचं नाव कुठेच लिहिलेलं नसण्याची शक्यता जास्त. टाइद म्हणजे चर्चच्या कराची यादी (१८२३ ते १८३७) एक पिढी मागे नेऊ शकते, तीही एका नावापुरती. तिथून सरदार घराण्यापर्यंत आणि ढाल-तलवारीच्या चिन्हापर्यंत नेणाऱ्याकडून वंशावळ विकत घेऊ नका.

व्यावसायिक वंशावळतज्ज्ञ चार वेळा लागतो: दोन उमेदवार उरले आणि कागद संपले तेव्हा, इस्टेटीचं दप्तर डब्लिनला किंवा एखाद्या काउंटीत प्रत्यक्ष जाऊनच पाहावं लागणार असेल तेव्हा, आयरिश किंवा लॅटिनमधला मजकूर तुमच्याने लागत नसेल तेव्हा, आणि वारसाहक्काचं प्रकरण असेल तेव्हा, त्यात वकीलही हवा. डब्लिनला जाणं होणार असेल तर आधी राष्ट्रीय ग्रंथालयाच्या मोफत सल्ला कक्षात जा, निम्मी कामं तिथेच होतात. पैसे देऊन माणूस लावायचा तर मान्यताप्राप्त तज्ज्ञांच्या संघटनेचा सदस्य असलेला निवडा आणि तास ठरवून घ्या. एका पानावर माणसाचं नाव सर्व रूपांत, आई-वडील, भावंडं, गोतावळा, आणि काय काय पाहून झालंय ते लिहून द्या. मूळ कागद पाठवू नका, प्रती पाठवा. आणि अहवालात, कुठे शोधलं आणि सापडलं नाही, तेही लिहून मागा. नाही तर दोन वर्षांनी दुसरं कुणी तीच रजिस्टरं पुन्हा पैसे घेऊन चाळेल.